गोळी, लग्न आणि न विचारलेला प्रश्न

आजचा एपिसोड हेडफोन लावून ऐका, नाहीतर हा लिखित भाग निवांत एकट्याने वाचा. विषय लाजण्यासारखा नाहीये, पण शेजारी सासूबाई बसल्या असतील तर उगाच धांदल नको.

विषय आहे डिप्रेशनच्या गोळ्या आणि नवरा-बायकोतली शारीरिक जवळीक. आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर हे कुठून आलं? आधी माझं सांगते, मग इतिहासाकडे वळू.

मागच्या वर्षी मला डिप्रेशनचं निदान झालं आणि एस्सिटालोप्राम सुरू झाली. दीड-दोन महिन्यांत फरक पडला. सकाळी उठून इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागले, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा ऑन करायला लागले. पण त्याच सुमारास दुसरं एक काहीतरी बंद पडलं. इच्छाच होईना. कधी झाली तरी शरीर शेवटपर्यंत पोचायचं नाही, जणू मधेच कुठेतरी वायर काढून ठेवलीय. एका रात्री नवऱ्याने विचारलं, "तुला माझा कंटाळा आलाय का? खरं सांग." मी भिंतीकडे तोंड करून झोपले. उत्तर मलाच माहीत नव्हतं.

फॉलोअपला डॉक्टर झोप, भूक, मूड सगळं विचारायचे. हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. शेवटी मी कोणाला न सांगता गोळीच बंद केली. चार दिवसांत चक्कर, चिडचिड आणि डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. हा प्रयोग प्लीज घरी करू नका. गोळी बंद करायची तर डॉक्टरांना सांगून, हळूहळू डोस उतरवत.

त्या आठवड्यात झोप नव्हतीच, म्हणून वाचत बसले. आणि या गोष्टीचे दोन मोठे तुकडे आपल्याच मुंबईत सापडले.

पहिला तुकडा केईएम हॉस्पिटलचा. तिथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर एक पेपर छापला. सर्पगंधा म्हणजे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेड आणि निद्रानाशावर देत आलेली मुळी. वकिलांनी दाखवलं की तिने ब्लडप्रेशर उतरतं. जगभरातल्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं, आणि 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण रिसर्पिन घेणारे काही पेशंट उदास व्हायला लागले. 1955 च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या लॅबमध्ये कळलं की हे औषध शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं.

नेमकं त्याच्या उलट दुसरीकडे चाललं होतं. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड नावाचं औषध देऊन बघत होते, तर पेशंट भलतेच उत्साही झाले. या औषधामुळे सेरोटोनिनसारखी रसायनं मेंदूत जास्त वेळ टिकतात. एका औषधाने साठा रिकामा झाला तर माणूस खचतो, दुसऱ्याने टिकला तर उठून बसतो. यावरून सेरोटोनिनची थिअरी उभी राहिली. (आज ती फार बाळबोध मानतात. डिप्रेशन म्हणजे एखादं केमिकल कमी पडणं, इतकं सरळ नाहीये.) पण याच वाटेने पुढे 1987 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली. माझी गोळी त्याच कुटुंबातली.

गंमत अशी, की सेरोटोनिन फक्त मूडचं काम बघत नाही. कामेच्छा आणि ऑरगॅझम यांना ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेतही ते आहे. ते वाढलं की ब्रेक घट्ट बसतो. हा ब्रेक इतका हमखास लागतो की याच कुटुंबातली डॅपोक्सेटिन ही गोळी पुरुषांच्या शीघ्रपतनावर औषध म्हणून विकली जाते.

मग हे आधी कोणाला कळलं कसं नाही? माझ्यासाठी सगळ्यात मोठा धक्का इथे होता. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा पेशंटने आपणहून जे सांगितलं तेच नोंदलं जायचं, त्यामुळे हा त्रास फारच थोड्यांना होतो असं दिसायचं. 1997 मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी या गोळ्या घेणाऱ्या 344 पेशंटचा अभ्यास छापला. आपणहून तक्रार करणारे 14% निघाले. डॉक्टरांनी तोंडावर, सरळ शब्दांत विचारलं तेव्हा आकडा 58% झाला. तीच गोळी, तोच त्रास, फक्त कोणीतरी विचारलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर बग प्रॉडक्शनमध्ये होता, पण तिकीटच कोणी टाकलं नव्हतं.

आणि इथे मला दुसरे मुंबईकर आठवले, रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा मुलगा, विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. कॉलेजला हे असलं काम खपेना, शेवटी नोकरी सुटली. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये जाईपर्यंत पदरमोड करून चालवलं. पत्नी मालतीबाई कमावत होत्या म्हणून घर चाललं, हे लोक सांगायला विसरतात.

मला त्या मासिकातली सगळ्यात थोर गोष्ट वाटते ती वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरं. हस्तमैथुन, समलैंगिकता, बिछान्यातल्या अडचणी, जे घरात, डॉक्टरकडे, कुठेच विचारता येत नव्हतं ते लोक तिथे लिहून पाठवायचे. कर्वे त्यांना लाज न आणता, उपदेश न करता उत्तर द्यायचे. बाईलाही कामसुखाचा तितकाच हक्क आहे, हे ते त्या काळात छापत होते.

1931 मध्ये एका लेखावरून त्यांना 100 रुपये दंड झाला. 1934 चा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच उभा राहिला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही, आणि कोणाला प्रश्नात विकृती दिसत असेल तर तीही ज्ञानानेच जाईल, अशी त्यांची मांडणी होती. केस हरले. 200 रुपये दंड. तुम्हाला हे पडद्यावर बघायचं असेल तर अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' शोधा.

1934 मध्ये उत्तर दिल्याबद्दल दंड होता. मला प्रश्न विचारल्याबद्दल कोणी दंड करणार नव्हतं, तरी माझी जीभ उचलत नव्हती.

शेवटी आधी नवऱ्याशी बोलले. बोगद्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, दोघंही समोर बघत होतो, त्यामुळे सोपं गेलं. तो म्हणाला, "म्हणजे गोळीमुळे? मी तर काय काय समजून बसलो होतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मागच्याचे हॉर्न सुरू झाले.

पुढच्या फॉलोअपला मी मोबाईलवर टाईप करून नेलं आणि फोन डॉक्टरांसमोर धरला. त्यांनी वाचलं, शांतपणे पर्याय सांगितले. काहींचा त्रास काळाबरोबर कमी होतो. डोस कमी करता येतो. ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारख्या औषधांत हा त्रास कमी दिसतो. डिप्रेशन स्वतःही इच्छा मारतं, त्यामुळे सगळा दोष गोळीचा नसतो. गोळी बंद केल्यावरही काही जणांना हा त्रास राहिल्याच्या नोंदी आहेत, म्हणून 2019 मध्ये युरोपच्या औषध नियामकाने माहितीपत्रकात तसा इशारा घालायला सांगितलं. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं असं अजूनही वाटतं.

आम्ही डोस कमी करून बघतोय. तीन महिने झाले. थोडा फरक आहे, पूर्ण नाही. काही रात्री नुसते हात धरून वेबसिरीज बघतो.

पुढच्या एपिसोडमध्ये सर्पगंधेची पूर्ण गोष्ट, तेव्हा भेटू.