केप्लरची आई

ग्रहगतीचे तीन नियम शाळेत पाठ केले, तेव्हा त्या योहान केप्लरची आई चेटूक केल्याच्या आरोपावरून चौदा महिने साखळदंडात होती, हे कुणी सांगितले नव्हते. चेटकिणी मारणे हे मध्ययुगातल्या अंधाराचे काम आणि विज्ञानाचा उजेड पडताच ते थांबले, असा माझा समज होता. या खटल्याने तो मोडला.

कालक्रमच उलटा आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीचा एक चर्चचा नियम रात्री आकाशातून फिरणाऱ्या बायका हा भ्रम ठरवतो आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाच दोष देतो. सैतानाशी करार, रात्रीचे मेळे या कल्पनांची सांगड पंधराव्या शतकात बसली आणि 'मॅलियस मॅलेफिकारम'सारख्या ग्रंथांमुळे त्या छापून सर्वत्र गेल्या. चेटुकाच्या आरोपावरून युरोपात सुमारे ४० ते ५० हजार माणसांना देहदंड झाला असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतांश बायका. खटल्यांचा जोर होता तो साधारण १५६० ते १६५० या काळात, म्हणजे गॅलिलिओ आणि केप्लरच्याच हयातीत.

कॅथरिना केप्लर जर्मनीतल्या लिओनबर्गची. एकटी राहणारी, फटकळ, झाडपाल्याची औषधे देणारी म्हातारी. १६१५ मध्ये उर्सुला राइनबोल्ड या बाईने तिच्यावर आळ घेतला, की हिने दिलेल्या कडू पेयाने मला दुखणे जडले. मग गावाला एकेक आठवू लागले. शाळामास्तराचा पाय तिच्याकडची दारू प्यायल्याने अधू झाला होता. विटा वाहणाऱ्या पोरीचा हात ती जवळून गेली तेव्हा दुखला होता. ऑगस्ट १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या कॅथरिनाला लेकीच्या घरातून रात्री कपड्यांच्या पेटीत घालून नेले.

केप्लर लिन्झहून धावत आला. आरोपी 'दुर्दैवाने' आपल्या मुलाला सोबत घेऊन हजर झाली, अशी नोंद खटल्याच्या कागदांत आहे. हा एक शब्द मला फार बोलका वाटतो. बाकीच्या आरोपी बायकांच्या बाबतीत हे दुर्दैव न्यायालयावर सहसा ओढवत नसे.

१५३२ च्या साम्राज्याच्या फौजदारी कायद्यानुसार छळ करण्याआधी सबळ संशय दाखवावा लागे. केप्लरने नेमके तेच पकडले. त्याच्या बाजूने सव्वाशेहून अधिक पानांचा लेखी बचाव सादर झाला. मास्तर खंदकावरून उडी मारताना जायबंदी झाला होता. पोरीचा हात विटांनी दुखला होता. उर्सुलाच्या दुखण्यामागे तिने घेतलेली जालीम औषधे होती. ज्याने ग्रहाच्या निरीक्षणातली बारीकशी तफावत सोडली नाही, त्याने साक्षींतलीही सोडली नाही.

मात्र चेटकिणी नसतातच, असे त्याने कुठेही म्हटले नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की माझी आई चेटकीण असल्याचा पुरावा नाही. सुरुवातीला मला हे खटकले. आता वाटते, त्या न्यायालयात दुसरा कोणता युक्तिवाद टिकलाही नसता.

ट्युबिंगेनच्या विधिपंडितांनी शेवटी छळाची केवळ धमकी देण्याचा निर्णय दिला. २८ सप्टेंबर १६२१ रोजी जल्लादाने कॅथरिनाला अवजारे दाखवली. शरीरातली एकेक शीर उपसली तरी कबूल करण्यासारखे काही नाही, असे सांगून तिने गुडघे टेकले आणि प्रार्थना म्हटली. ती सुटली. एप्रिल १६२२ मध्ये वारली.

तिची कहाणी आपल्यापर्यंत आली, कारण तिच्या मुलाचे नाव मोठे होते. त्याच वर्षांत लिओनबर्गमध्ये चेटुकाच्या आरोपावरून इतर बायकाही मारल्या गेल्या. त्यांच्याही शेजाऱ्यांचे हातपाय दुखलेच असतील. ते विटांनी दुखले की आणखी कशाने, हे तपासायला कुणी आले नाही.