क्रमवारीचा प्रश्न आणि प्रोसेसरची रचना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या वर्गात नवागत विद्यार्थी दोन प्रश्न हमखास विचारतात. प्रोसेसरला आज्ञा कशी कळते, हा एक. आणि क्रमवारी लावण्यासारख्या साध्या कामासाठी इतके निरनिराळे अल्गोरिदम कशासाठी शिकायचे, हा दुसरा. अभ्यासक्रमात या प्रश्नांची उत्तरे दोन स्वतंत्र विषयांत दिली जातात. त्यामुळे त्यांचा परस्परसंबंध सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः एडव्हॅक या संगणकाची रचना कागदावर आकार घेत असताना तिची कसोटी क्रमवारीच्या प्रश्नावरच घेण्यात आली होती. प्रस्तुत लेखात या संबंधाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

छिद्रित पत्रांची यंत्रे :
अमेरिकेतील १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची छिद्रित पत्रे व विद्युत गणनयंत्रे वापरण्यात आली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पत्रे आपोआप वेगळी करणारी यंत्रे आली. ही यंत्रे दोन संख्यांची तुलना करीत नसत. एका स्तंभातील अंक पाहून पत्र त्या अंकाच्या कप्प्यात टाकीत. क्रमांक तीन अंकी असल्यास प्रथम एकक, नंतर दशक व शेवटी शतक स्थानानुसार गठ्ठा यंत्रातून काढावा लागे. प्रत्येक वेळी कप्प्यांतील पत्रे त्याच क्रमाने एकत्र केली की तिसऱ्या फेरीअखेर क्रमवारी पूर्ण होई. १९३० च्या दशकात दोन क्रमबद्ध गठ्ठ्यांचा एक गठ्ठा करणारी यंत्रेही उपलब्ध झाली.

१९४५ ची कसोटी :
फिलाडेल्फिया येथे एनिॲकची उभारणी चालू असतानाच त्यापुढील एडव्हॅकचा विचार सुरू झाला. एनिॲकला नवे काम द्यायचे तर तारा व कळी बदलाव्या लागत. एडव्हॅकमध्ये आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवण्याची योजना होती. जॉन फॉन नॉयमन यांनी जून १९४५ च्या अहवालात ही रचना मांडली. असे यंत्र आकडेमोड वेगाने करील, याविषयी शंका नव्हती. परंतु ज्या कामात आकडेमोड थोडी आणि निवड अधिक, तेथे ते टिकेल काय, हा खरा प्रश्न होता. क्रमवारी हे नेमके तशा प्रकारचे काम होय. शिवाय त्यासाठी खास यंत्रे आधीच वापरात असल्याने तुलनेचे मापही तयार होते.

फॉन नॉयमन यांनी विलीनीकरणाची पद्धत निवडली. दोन क्रमबद्ध याद्यांच्या अग्रभागी असलेल्या नोंदींची तुलना करून लहान नोंद पुढे घ्यावयाची, हे तिचे सूत्र. १००० नोंदींतील प्रत्येक जोडी तपासल्यास ४,९९,५०० तुलना कराव्या लागतात. विलीनीकरणात १० फेऱ्यांत मिळून १०,००० हून कमी तुलना पुरतात. मात्र ही आज्ञावली लिहिताना दोन गरजा पुढे आल्या : तुलनेच्या फलानुसार दोहोंपैकी एक पर्याय निवडण्याची सोय, आणि पुढील नोंद वाचण्यासाठी आज्ञेतील पत्ता बदलण्याची सोय. दुसरी गरज भागली, कारण आज्ञाही स्मृतीतील मजकूरच होती. प्रत्यक्ष उभारलेल्या एडव्हॅकची आज्ञासंहिता वेगळी ठरली; फॉन नॉयमन यांच्या हस्तलिखिताचे सविस्तर विवेचन डोनाल्ड नुथ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केले.

उत्तरकालीन विकास :
पत्ता बदलण्यासाठी आज्ञाच बदलण्याची पद्धत गैरसोयीची होती. मँचेस्टर विद्यापीठातील १९४९ च्या मार्क १ संगणकात त्यासाठी स्वतंत्र नोंदस्थाने आली आणि मूळ आज्ञेला धक्का न लावता पत्ता पुढे सरकवता येऊ लागला. मॉस्को विद्यापीठात रशियन भाषेच्या यांत्रिक अनुवादाचा अभ्यास करताना टोनी होअर यांना शब्दांची क्रमवारी लावण्याची निकड भासली. त्यातून क्विकसॉर्ट ही पद्धत जन्मली व १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे स्वरूप स्वतःलाच पुन्हा बोलावणारे आहे. अशा आज्ञावलीत अपुऱ्या राहिलेल्या कामांची नोंद एकावर एक रचून ठेवावी लागते. त्याच काळातील बरोज बी ५००० या संगणकात या रचनेला प्रोसेसरमध्येच स्थान देण्यात आले. मात्र ते क्विकसॉर्टसाठी नव्हे, तर अल्गोल भाषेच्या गरजेतून.

निष्कर्ष :
१) क्रमवारी हा संगणकाचा केवळ एक उपयोग नव्हे, संगणक सर्वकामी आहे की नाही, हे जोखण्याचे ते आरंभीचे साधन होते.
२) अल्गोरिदमची उपयुक्तता तुलनांच्या संख्येवर, तसेच यंत्राच्या रचनेवरही अवलंबून असते. एकच पद्धत सर्वत्र श्रेष्ठ न ठरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.
३) विद्यार्थ्यांच्या त्या दोन प्रश्नांची सांगड १९४५ मध्येच घातली गेली होती. अध्यापनात त्यांची फारकत केल्यास विद्यार्थी पद्धती पाठ करतो, परंतु तिची गरज त्याला उमगत नाही. दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी हे एक उदाहरण जरी संयुक्तपणे शिकविले, तरी ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.