वेडी नाही, आळशीही नाही

आपल्या पुणे जिल्ह्यात कुणाचं डोकं फिरलंय असं म्हणायचं असेल तर फार बोलावं लागत नाही. ‘हिला येरवड्याला धाडा’ एवढं पुरतं. ज्या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी होते, जिथं १९३२ साली पुणे करारावर सह्या झाल्या, त्या गावाचं नाव आपल्या तोंडी टोमणा होऊन बसलं, ते तिथल्या मनोरुग्णालयामुळं. ठाणे, नागपूर, रत्नागिरी आणि येरवडा ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं, सगळी इंग्रजांच्या काळातली.

त्या काळचा कायदा १९१२चा. मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं माणूस आत जाई आणि एकदा गेला की घरचे त्याला विसरत. भिंतीच्या आत ‘वेडे’, बाहेर ‘शहाणे’. आणि जी वेडी नाही, पण जिचं कुठलंच काम वेळेत पुरं होत नाही? तिच्यासाठी दुसरे शब्द तयार होते. वेंधळी. धांदरट. आळशी. हिचं चित्त ठिकाणावर नसतं.

अशी एखादी ताई बहुतेक प्रत्येक गटात असते. बैठकीची तारीख विसरते. पासबुक कुठं ठेवलं ते आठवत नाही. हप्त्याचे पैसे पदरात असतात, पण भरायचे राहून जातात. दुसरी बोलत असताना मध्येच तोंड घालते. शिवणकाम, पापड, शेळ्या, सगळं हौसेनं सुरू करते आणि सगळं अर्ध्यात पडतं. शंभर मोठ्या माणसांत दोन-तीन जणांच्या बाबतीत याच्यामागं एडीएचडी असते. म्हणजे मेंदूची ठेवणच अशी, की लक्ष टिकवणं, वेळेचा अंदाज घेणं आणि स्वतःला आवरणं जड जातं. ती जन्मापासूनची असते आणि पुष्कळदा घराण्यात चालत येते.

हे डॉक्टरांनाही उशिरा कळलं. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांवर व्याख्यानं दिली. मुलं बुद्धीनं बरी आहेत, हे त्यानं ओळखलं. पण नाव काय दिलं, तर नैतिक संयमाचा दोष! आपल्या सासूबाईंनी वेगळं काय म्हटलं असतं? १९३७मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरला दिसलं की एका औषधानं अशी काही मुलं शांत बसून अभ्यास करू लागली. तरीही हा मुलांचा आजार, वयात आलं की जातो, अशीच समजूत राहिली. १९७६च्या सुमारास पॉल वेंडर आणि त्यांच्या सोबत्यांनी अमेरिकेतल्या युटामध्ये मोठ्या माणसांना तपासलं, तेव्हा लक्षात आलं की वरची धावपळ कमी होते, आतली राहते. एडीएचडी हे नाव १९८७चं. आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत मोठ्यांसाठी वेगळी मोजपट्टी यायला २०१३ उजाडलं.

यात बायका सगळ्यात मागं राहिल्या. धिंगाणा घालणारा मुलगा मास्तरांच्या डोळ्यावर येतो. खिडकीतून बाहेर बघत बसलेली मुलगी कुणाच्या डोळ्यावर येते? ती मोठी होते, लग्न होतं, आणि घर, रान, पोरं, पाहुणे सगळं एकदम डोक्यात ठेवायची वेळ येते. मग दूध रोज उतू जातं आणि शिव्या रोज पडतात.

आता पुन्हा येरवड्याला येऊ. १९८६ साली अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये देऊ केले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. त्या मनोरुग्णालयातच डॉक्टर होत्या. मुक्तांगण व्यसनासाठी आहे, एडीएचडीसाठी नाही, हे स्पष्ट सांगते. (तशी या त्रासाच्या माणसांत व्यसनाचं प्रमाण जास्त आढळतं.) पण तिथली रीत बघा. ठरलेला दिनक्रम. गोल बसून बोलणं. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच दुसऱ्याचा आधार. घरी गेल्यावरही पाठपुरावा. आणि नवऱ्याच्या व्यसनानं पोळलेल्या बायकांचा ‘सहचरी’ नावाचा गट. वेडा नाही आणि बदमाशही नाही अशा माणसाला त्या आवारात तिसरी जागा मिळाली. माझ्या मते येरवड्याच्या इतिहासातलं हे फार मोठं पान आहे, टोमणा मारणाऱ्यांना ठाऊक नसलेलं.

एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांना जी मदत देतात, तिचं रूप याच्याशी जुळतं. गोळ्या काहींना लागतात, त्या मानसोपचारतज्ज्ञानं लिहून दिल्या तरच घ्यायच्या. पण गोळी वही लिहीत नाही. बोस्टनच्या स्टीव्हन सॅफ्रन यांनी आधीच औषध घेत असलेल्या ८६ जणांचा अभ्यास केला, तो २०१०मध्ये छापून आला. ज्यांना बारा बैठकांत एकच वही, एकच दिनदर्शिका, मोठ्या कामाचे बारके तुकडे आणि ‘मी बिनकामाची’ या विचाराशी झुंज शिकवली, त्यांचा त्रास नुसतं शरीर सैल सोडायला शिकलेल्यांपेक्षा जास्त उतरला. ‘कोचिंग’ म्हणतात ते याच्या शेजारचं. आजार बरा करणारी नव्हे, दर आठवड्याला ‘ठरवलेलं झालं का, कुठं अडलं’ असं न रागावता विचारणारी व्यक्ती. शहरात त्याची फी पडते.

आपल्याकडं बैठक आहेच. म्हणून सहयोगिनी या नात्यानं माझं एक मत आहे, काही जणींना रुचणार नाही. विसरणाऱ्या ताईला दंडावर दंड लावून उपयोग नाही. दंडाची आठवण राहिली असती तर हप्त्याची नसती का राहिली? तिचं कर्ज थकतं, नाव खराब होतं, शेवटी ती गट सोडते आणि पुन्हा सावकाराच्या दारात उभी राहते. त्यापेक्षा तिनं स्वतः निवडलेल्या एका मैत्रिणीनं आदल्या संध्याकाळी आठवण करावी. पासबुक दाराजवळच्या एकाच खिळ्याला, पिशवीत टांगावं. हप्ता पैसे हातात येतील त्याच दिवशी सचिवाकडं द्यावा.

मात्र निदान आपण करायचं नाही. अंगात रक्त कमी असलं, थायरॉईड असलं, झोप नसली, मन खचलेलं असलं, घरात मारहाण असली, तरी लक्ष उडतं. डॉक्टर आधी विचारतात ते हेच, की बारा वर्षांच्या आतही असं होतं का? माहेरी आईला, थोरल्या बहिणीला विचारून जावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा फोन सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि २०१७च्या कायद्यानं डॉक्टरकडचं बोलणं गुप्त राहायचा हक्क दिलाय. तेव्हा गटातल्या कुणाला असं निदान झालं, तर ते इतिवृत्तात लिहायचं नाही. ग्रामसंघात सांगायचं की नाही, ते तीच ठरवेल.