सहा मा जमीन आणि पेंढ्यावरची अळिंबी

तिरुचीला एनसीसीची पोस्टिंग आली आणि माझ्या एका कोर्समेटचा लगेच फोन आला. खडकवासल्याला आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो. हा गडी तंजावरचा, घरात मराठी बोलणारा. ते मराठी ऐकून आम्हा सातारा-कोल्हापूरकरांना हसू फुटायचं, आणि तो शांतपणे म्हणायचा, "आमची भाषा साडेतीनशे वर्षं जुनी आहे, तुमची बिघडली." फोनवर त्याचं एवढंच म्हणणं होतं, की आता सबब चालणार नाही, तिरुवैयारूला मामीकडे जायचंच.

एका रविवारी गेलो. तिरुचीहून कल्लणै धरणावरून, मग तिरुकाट्टुपळ्ळीमार्गे कावेरीच्या काठाकाठाने रस्ता जातो. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला भात. तिरुवैयारू म्हणजे पाच नद्यांचं पवित्र गाव. आपल्याला ते त्यागराजांच्या समाधीमुळे आणि पौष वद्य पंचमीच्या आराधनेमुळे ऐकून माहीत असतं. गावात मुगाच्या डाळीचा 'अशोका' नावाचा हलवा मिळतो, तो आधी खाऊन घ्यावा. मी खाल्ला, आणि मग मामीचं घर शोधलं.

मामी सत्तरीच्या आहेत. मामा बँकेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. घर जुन्या पद्धतीचं, पुढे ओटा (इकडे त्याला तिण्णै म्हणतात), मागे खळं. तमिळमध्ये खळ्याला 'कळम' म्हणतात, तेव्हा हा शब्द तरी मला भाषांतर न करता कळला. पण मागे गेलो तर खळं नव्हतंच. जमिनीत कंबरभर खोल उतरलेली, वरून निळं प्लास्टिक ताणलेली एक लांबट शेड होती. लडाखमध्ये हिवाळा काढलेल्या माणसाला ती लांबून थेट बंकर वाटावी. आत मात्र वाफाळलेला उकाडा, उकडलेल्या पेंढ्याचा वास, आणि ओळीने मांडलेल्या अर्ध्या कापलेल्या पिशव्यांतून वर आलेली दुधासारखी पांढरी, हाताएवढी अळिंबी.

या शेडची गोष्ट सांगायची तर तिच्याखालच्या जमिनीची आधी सांगावी लागेल.

मामांच्या घराण्याला ही जमीन प्रतापसिंह राजांच्या काळात मिळाली असं घरात सांगतात. हे साताऱ्याचे प्रतापसिंह नव्हेत. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, त्यांच्या वंशातले हे प्रतापसिंह, १७३९ ते १७६३ राज्य केलेले. जमीन चार वेली, सारामाफ. एक वेली म्हणजे सुमारे साडेसहा एकर, आणि एका वेलीचे वीस 'मा'. लोखंडी पेटीत मोडीतला एक जीर्ण कागद आहे. मला मोडी येत नाही, पण फोटो पुण्याच्या एका जाणकाराला पाठवला. त्यांनी वाचून सांगितलं: गावाचं नाव, चतुःसीमा, माफी, साक्षीदार.

त्या कागदानंतर या जमिनीने काय काय पाहिलं याचा मी रजेत बसून अंदाज घेतला. १७७३ साली अर्काटच्या नवाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतलं, १७७६ ला परत मिळालं. १७८१ मध्ये हैदर अली आला. कालवे फुटले, गुरं गेली, माणसं परागंदा झाली, शेतं ओस पडली. तंजावरच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'हैदरचा दंगा' अजून येतो. १७९९ च्या तहाने सरफोजी राजांकडे किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा उरला, मुलूख कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये गादीच संपली. त्यानंतर मद्रास सरकारच्या इनाम कमिशनने गावोगावी कागद तपासले. राज्यं बदलत गेली, पण ज्याच्याकडे कागद होता त्याची जमीन टिकली. मामांच्या पूर्वजांकडे कागद होता.

इथे मला थांबावंसं वाटतं. मराठी माणूस तंजावरला येतो, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख बघतो, सरस्वती महाल बघतो, छाती फुगवतो आणि परत जातो. मीही तेच केलं होतं, पहिल्याच आठवड्यात. पण या वैभवाचा पैसा भातातून येत होता, आणि भात लावणारी माणसं त्या शिलालेखात नाहीत. मामांच्या पेटीतल्या कागदातही नाहीत. चार दिशांच्या हद्दी आहेत, नांगर धरणाऱ्याचं नाव नाही.

त्यांना 'पण्णैयाळ' म्हणत. मालकाच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या बांधलेले मजूर, बहुतेक दलित. मालक, म्हणजे मिरासदार, चिखलात पाय घालत नसे. मामांच्या आजोबांनी आयुष्यात एकदाही रोप लावलं नाही, हे मामांनी स्वतः सांगितलं, आणि ते काही कौतुकाने नाही. १९३४ मध्ये मेट्टूर धरण झालं, पाणी पक्कं झालं, १२ जूनला दरवाजे उघडायचे आणि कुरुवै भाताची लावणी सुरू व्हायची. पाण्याचं वेळापत्रक सुधारलं, मजुरीचं सुधारलं नाही. १९५२ साली राजाजींच्या सरकारला खास तंजावरसाठी कुळांच्या आणि पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. त्यानंतर १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा, १९६३ मध्ये छोटी इनामं खालसा. आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत, मजुरी वाढवून मागणाऱ्यांच्या वस्तीतली ४४ माणसं एका झोपडीत जाळली गेली. त्यात बायका-मुलं जास्त. मामी तेव्हा शाळेत होत्या. "घरात कोणी काही बोललं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. "दोन दिवस कोणीच काही बोललं नाही."

त्यानंतर मामांच्या वडिलांनी जमीन विकायला काढली. काही कुळांनीच घेतली, काही भावांच्या वाटणीत गेली, काही मुलींच्या लग्नात. मुलगे मद्रासला, मुंबईला, मामा बँकेत. चार वेलींचे उरले सहा मा, म्हणजे दोन एकर.

२०१६ चा ईशान्य मान्सून कोरडा गेला. तामिळनाडूत त्या हिवाळ्यात काय हाल झाले ते तिकडच्या वाचकांना आठवत असेल. कावेरीत वाळू. सहा मांवरचं सांबा पीक करपलं, आणि प्लॉट पाडणारा एक जण बयाणा घेऊन ओट्यावर येऊन बसला. मामा तयार होते. मामी नव्हत्या, पण त्यांच्याकडे दुसरा काही उपायही नव्हता.

उपाय अक्काकडे होता. शेडमध्ये काम करणाऱ्या बाईला सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणतो. अक्काचे आजोबा याच जमिनीवर पण्णैयाळ होते. अक्का बचत गटातून कृषी विद्यापीठाच्या अळिंबी प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिच्याकडे माहिती होती, जागा नव्हती. मामींकडे जागा होती, बोअरवेल होती, शेजारच्यांचा पेंढा विकत घेण्याइतके पैसे होते. निम्मे-निम्मे ठरलं. प्लॉटवाला दोनदा परत येऊन गेला.

आता थोडं तंत्राचं, कारण मला माहीत आहे की निवृत्तीला टेकलेल्या निम्म्या वाचकांना याच भागात रस आहे. आपण हॉटेलात खातो ती बटन अळिंबी थंड हवेची, सोलनकडची. ती तंजावरच्या उन्हात एसीशिवाय होत नाही. धिंगरीला वीस ते अठ्ठावीस अंश लागतात, म्हणजे इथे मार्गशीर्ष-पौषातच. दुधी अळिंबीला मात्र तीस-पस्तीस अंशच मानवतात. ती मूळची बंगालकडची, १९७४ मध्ये पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी तिची नोंद केली, आणि १९९८ मध्ये तामिळनाडू कृषी विद्यापीठाने अरुप्पुक्कोट्टैच्या केंद्रातून 'एपीके २' हा वाण दिला. तसं पाहिलं तर भाताच्या पेंढ्यावर अळिंबी हा प्रकार या राज्याला नवा नाही. कोइंबतूरच्या कृषी महाविद्यालयात के. एम. थॉमस आणि सहकाऱ्यांनी पेंढ्यावरची अळिंबी वाढवली ती १९४३ साली.

पेंढा दोन-तीन इंचांचा कापायचा, चार-पाच तास भिजवायचा, उकळायचा, निथळून ओलसर राहील इतका वाळवायचा. पिशवीत पेंढ्याचा थर, बियाण्याचा थर, पुन्हा पेंढा. अंधारात पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून पांढरी होते. मग ती मधोमध कापायची, वर निर्जंतुक केलेल्या मातीचा बोटभर थर द्यायचा, निळ्या शेडमध्ये ठेवून पाणी फवारत राहायचं. आठ-दहा दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात, आणखी आठवड्याने तोडणी. सगळं मिळून दीड महिना. धिंगरी दुसऱ्या दिवशी मलूल होते, ही तीन-चार दिवस टिकते, म्हणून तिरुचीच्या आणि तंजावरच्या हॉटेलांपर्यंत बसने जाऊ शकते.

हे वाचायला सोपं आहे. पहिल्या खेपेला दोनशे पिशव्यांपैकी साठ हिरव्या बुरशीने गेल्या, कारण पेंढा नीट उकळला नव्हता. दुसऱ्या खेपेला माश्या. मामींनी वही दाखवली. पहिलं वर्ष तोट्यात, दुसरं जेमतेम. तिसऱ्या वर्षी मामांनी पेंढा कापायला घेतला. त्याआधी ते ओट्यावरून बघत असत. आता सकाळी सहाला लुंगी वर खोचून भट्टीपाशी असतात, आणि पेंढा किती वेळ उकळायचा ते अक्का ठरवते. मी होतो तेव्हा तिने त्यांना एकदा परत पाठवलं. अजून दहा मिनिटं, असं बोटांनी दाखवून. मामा गेले.

जेवताना मी मामींना विचारलं, अळिंबीची भाजी तुम्ही कशी करता? त्या हसल्या. "आमच्यात खात नाहीत रे." लसूण, कांदा आणि अळिंबी, तिन्ही मनुस्मृतीत वर्ज्य सांगितलेली. कांदा या घरात कधीच शिरला, अळिंबी नाही. मामी इतकी वर्षं पिकवतात, चव त्यांना माहीत नाही. चांगली-वाईट अक्का ठरवते.

"आणि अक्का जेवते कुठे?" हे मी विचारलं नव्हतं. मामींनीच सांगितलं. पहिल्या वर्षी अक्का मागच्या वाटेने येई-जाई. आता हिशेबाला दोघी ओट्यावर शेजारी बसतात, चहा एकाच किटलीतला. "स्वयंपाकघरात अजून येत नाही," मामी म्हणाल्या. "मी बोलावलं नाही. तिने विचारलं नाही." मग वाढता वाढता थांबून म्हणाल्या, "माझी सून चेन्नईहून येते तेव्हा तिला घेऊन आत जाते. मी बाहेर जाऊन बसते." मला यावर बोलायला काही सुचलं नाही. माझ्या स्वतःच्या गावात विहिरीवर काय चालायचं ते मला आठवत होतं.

निघताना अक्काने दोन किलो अळिंबी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. पैसे देऊ लागलो तर मामींकडे बोट. मामींकडे गेलो तर अक्काकडे बोट. शेवटी वहीत 'कर्नल, २ किलो' असं लिहिलं गेलं आणि पैसे घेतले, निम्मे-निम्मे.

तिरुचीच्या क्वार्टरवर आल्यावर दादाला फोन लावला. कोरेगाव तालुक्यात आमची तीन एकर आहे, बरीचशी जिरायत. गेली दोन वर्षं ती विकायची की नाही यावर आमचं बोलणं अडलंय. दादा राबतो, सातबाऱ्यावर नाव दोघांचं, आणि मी वर्षातून दहा दिवस जाऊन बांधावर उभा राहून फोटो काढतो. हे मी त्याला पहिल्यांदाच बोलून दाखवलं. तो गप्प राहिला. मग मी अळिंबीचं सांगितलं, शेड, बियाणं, सगळं.

"आपल्याकडं भाताचा पेंढा कुठला आणायचा?" दादा म्हणाला.

धिंगरीला गव्हाचं, सोयाबीनचं काडही चालतं, आणि आपली थंडी तिला पुरते, मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ नुसता बैलाच्या घुंगरांचा आवाज.

"सोयाबीनचं काड गोठ्यामागं पडलंय," तो म्हणाला. "पण कापणार कोण? तू येणार आहेस?"