तांबड्या अक्षरांचे दिवस

इंग्रजीतील ‘रेड’ या शब्दाला क्रोध, धोका, कर्जबाजारीपणा असे अर्थ चिकटले आहेत. ‘रेड लेटर डे’ म्हणजे मात्र आनंदाचा, संस्मरणीय दिवस! हा अर्थ ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेतून आला. मध्ययुगात प्रार्थनाग्रंथ हाताने लिहिले जात. त्यांच्या आरंभीच्या दिनदर्शिकेत साधे दिवस काळ्या शाईने आणि मोठे सण बहुधा तांबड्या शाईने लिहीत. उपासनाविधीच्या सूचनाही तांबड्या असत. त्यांचे ‘रुब्रिक’ हे नाव तांबड्या मातीच्या लॅटिन नावावरून पडले.

१५३६ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत सुगीच्या दिवसांतील अनेक सण रद्द झाले. संतांच्या स्मरणाबरोबर कष्टकऱ्यांचा विसावाही गेला. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथात तर प्रभूच्या सणांखेरीज प्रेषितांसारख्या मोजक्याच संतांचे दिवस उरले.

राजाज्ञेने सण पुसले, पण लोकांच्या बोलण्यातला तांबडा रंग पुसला गेला नाही. आपल्या घरातील दिनदर्शिकेतही रविवार आणि सण तांबडेच असतात. नव्या वर्षी ती भिंतीवर लावताना, सुट्टीच्या या रंगामागे संतांचे स्मरण आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.