उमेदवारावर किती गुन्हे, हे कळलं. पुढे काय विचारायचं?

आज सातपुड्यात जाऊ, तोरणमाळला. यशवंत तलाव आणि सीताखाई तुम्ही रील्समध्ये बघितलेच असतील. मला बोलायचंय तिथल्या मतदाराबद्दल.

तोरणमाळ अक्राणी तालुक्यात येतं, म्हणजे आपण ज्याला धडगाव म्हणतो. विधानसभा मतदारसंघ अक्कलकुवा, महाराष्ट्रातला क्रमांक 1. 2019 ला इथे के. सी. पाडवींनी आमश्या पाडवींना 2,096 मतांनी हरवलं. 2024 ला निकाल उलटा लागला, फरक 2,904 मतांचा. (आडनाव एकच म्हणून गोंधळू नका, पाडवी इथे गावोगावी सापडतात.) एवढ्याशा फरकात एकेका पाड्याचं मत जड होतं. मग पोलीस, खटले, तुरुंग या विषयांवर दोन उमेदवारांची तुलना करायची, तर कशी?

तुम्ही म्हणाल, सोप्पंय, प्रतिज्ञापत्र बघा. खरंय. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराला स्वतःवरचे खटले जाहीर करायला लावले. 2020 ला पक्षांनाही सांगितलं, असा माणूस निवडला तर कारण छापा. हे हत्यार चांगलंच आहे. पण त्या कागदावर उमेदवाराची केस दिसते, तुमच्या केसबद्दल तो काय करणार ते दिसत नाही. शिवाय आकडा फसवतो. मोर्च्यात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा, मोजताना दोन्ही एकेकच. म्हणून मी आकड्याआधी कलम वाचतो.

आणि या डोंगरात 'गुन्हा' हा शब्दच जरा जपून वापरावा लागतो. 1878 हे साल लक्षात ठेवा. त्या एकाच वर्षी दोन कायदे आले. भारतीय वन कायद्याने राखीव जंगलातली लाकूडतोड आणि चराई गुन्हा ठरवली. मुंबई अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणं गुन्हा ठरवलं. आजा-पणजा जे रोज उजळ माथ्याने करत होता, तेच नातवासाठी चोरी झालं. माणसं तीच होती, बदललं ते पुस्तक. वन कायदा 1927 ला नव्याने लिहिला गेला, तो आजही चालू आहे. दारूबंदीचा 1949 चा कायदाही चालूच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर प्रस्तावनेतच कबूल केलं की वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. पण हक्काचा दावा मंजूर झाला म्हणून जुनी केस आपोआप मिटत नाही. तारीख पडते, रोज बुडतो, जायचं-यायचं भाडं खिशातून.

'हे सगळं दिल्लीचं काम' असं उमेदवार म्हणाला तर ऐकू नका. पोलीस, तुरुंग आणि दारू हे विषय राज्यसूचीत आहेत. जंगल 1976 पासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे विधानसभा त्यातही बदल करू शकते. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने घेऊ शकतो, आणि हे वकील राज्य सरकारचे असतात. 2014 साली विधिमंडळाने पोलीस कायदा दुरुस्त करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली, तीही राज्य आणि विभाग अशा दोन पातळ्यांवर. आपला विभाग नाशिक. तोरणमाळहून नाशिक किती लांब, ते मॅपवर एकदा बघाच.

म्हणून पुढच्या वेळी प्रचाराची गाडी घाट चढून आली, की प्रत्येक उमेदवाराला सारखंच विचारायचं. सरपणाच्या आणि चराईच्या जुन्या केसेस मागे घ्यायला विधानसभेत बोलणार का? पेसा कायद्याने तंटे परंपरेने मिटवायला ग्रामसभा सक्षम मानलीय, त्यातले किती तंटे तुम्ही पोलीस ठाण्याबाहेर ठेवाल? मारहाण झालेल्या माणसाने नाशिकला न जाता तक्रार कुठे द्यायची? उत्तर रेकॉर्ड करून ठेवा, फोन हातात आहेच.