कूलरच्या ताट्या आणि चारशे वर्षं

मार्च अर्धा सरला की आमच्या संभाजीनगरात (जुन्या सवयीने ज्यांच्या तोंडून औरंगाबाद निघतं त्यांच्यासाठी: तेच ते!) माळ्यावरचे आणि गच्चीवरचे कूलर खाली यायला लागतात. रस्त्याच्या कडेला गवताचे ढीग दिसतात, आणि कूलरच्या तीन बाजूंच्या जाळ्यांत नवीन ताट्या भरून द्यायचा सीझन सुरू होतो.

अमेरिकेतले मित्र घरातल्या फर्नेसचा एअर फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात. आपल्याकडे फर्नेस कुठली? आपला फिल्टर म्हणजे ही ताटी. फरक एवढाच की फर्नेसचा फिल्टर धूळ अडवायला असतो. ताटी ओली राहायला असते, धूळ ती जाताजाता अडवते. वर्षातून एकदा आपण ती बदलतो आणि विसरून जातो. पण मंडळी, या वस्तूला चांगला चारशे वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि तो वाचताना मला सारखा एकच प्रश्न पडत होता: ताटीवर पाणी कोण मारायचं?

सुरुवात वाळ्यापासून. माठात टाकतो तोच वाळा, हिंदीतला खस. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय की बांबूच्या सांगाड्यात वाळ्याची मुळं भरून खोल्या करायच्या, त्यांना खसखाना म्हणायचं, आणि वर पाणी मारलं की भर उन्हाळ्यात हिवाळा. हे सगळं बादशहाच्या हुकमावरून सुरू झालं असंही तो सांगतो. दरबारी लेखक, दुसरं काय सांगणार? वाळा थंड असतो हे अकबराच्या आधीही खेड्यापाड्यांत माहीत असणारच.

पुढे १६६३ साली फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य दिल्लीहून पत्र लिहितो. त्यातही खसखाने आहेत. बागेच्या मधोमध आणि हौदाच्या जवळ. जवळ का, तर नोकरांना कातडी पिशव्यांतून पाणी आणून बाहेरून शिंपडायला सोपं जावं म्हणून. आत बसणाऱ्याला गारवा, बाहेर उन्हात उभा राहणाऱ्याला पाणक्याचं काम. म्हणजे सिस्टीमचा पंप हा माणूस होता.

आपल्या शहराने याच्यापेक्षा हुशार तोडगाही पाहिलाय. पाणचक्कीला गेलात तर हौदाच्या खालच्या दालनात जरूर जा. वरच्या हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. पाणी डोंगराकडून नळांनी आपोआप येतं, शिंपडायला कोणी लागत नाही. मे महिन्यात दुपारी तिथे उभं राहिलं की कळतं, कसलं भारी डिझाइन आहे ते. पण अख्खा हौद डोक्यावर घेणं प्रत्येकाला कुठलं परवडायला? घरोघरी चालली ती ताटीच.

इंग्रजांनी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि भिश्ती ठेवले. पण वारा पडला की ताटी नुसतीच ओली, गारवा शून्य. म्हणून १८३० च्या दशकात 'थरमँटिडोट' नावाचं धूड आलं (नाव तर बघा, उष्म्यावरचा उतारा!). लाकडी पेटी, धान्य उफणायच्या यंत्रासारखा आत पंखा, बाजूंना ओल्या ताट्या. आपल्या कूलरचा हा थेट पूर्वज. फक्त तो हाताने फिरवावा लागे. म्हणजे आता पाण्याला एक माणूस आणि वाऱ्याला दुसरा.

ही दोन्ही माणसं एका फटक्यात काढून टाकली ती विजेने. १९३० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी भागात लोक विजेचा पंखा आणि छोटा पंप लावून घरोघरी कूलर बनवायला लागले. वाळा तिथे कुठून मिळणार, म्हणून अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाच्या बारीक कात्रणांची गादी. आपण ज्याला गवत, घास किंवा वूडवूल म्हणतो ते हेच: दिसायला गवत, जातीने लाकूड. स्वस्त, हलकं, पण वाळ्याचा तो वास नाही. मला विचाराल तर या प्रवासात आपण गमावलेली सगळ्यात मोठी गोष्ट तो वास. असो.

आता थोडं गणित, राहवत नाही म्हणून :-) एक लिटर पाणी वाफ होताना साधारण पाऊण युनिटच्या आत-बाहेर उष्णता ओढून घेतं. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या ताटीतून हवा जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगली ताटी यातलं ७० टक्के अंतर कापते, म्हणजे खोलीत २८ च्या आसपास हवा येते. ताटी जुनी होऊन ५० टक्क्यांवर आली की तीच हवा ३१ ची. मोटर तीच, बिल तेच, गारवा गायब.

आणि ताटी जुनी होते म्हणजे नेमकं काय होतं? वूडवूल ओलं होऊन खाली बसतं. वरच्या बाजूला चार बोटं फट पडते, आणि हवा आळशी असते, ती ओल्या गवतातून कशाला जाईल? फटीतून थेट आत. दुसरं, पाणी उडून जातं पण क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर एका उन्हाळ्यात ताटीवर पांढरा थर जमतो. हल्लीच्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या कागदी पॅडची कथाही तीच. स्वीडनच्या कार्ल मुन्टर्सने १९५५ साली काढलेल्या कंपनीचं नाव या पॅडशी जोडलं गेलंय. वस्तू उत्तम, खाली बसत नाही, काही वर्षं टिकते. पण क्षाराने भोकं बुजली की तेही गेलं. म्हणून टाकीतलं पाणी नुसतं वरून भरत राहू नका, आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाका. त्याने डेंग्यूच्या डासांचाही बंदोबस्त होतो.

ओतून टाका म्हणणं सोपं आहे हो. मोठा डेझर्ट कूलर कोरड्या दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ साली झालं, शहर त्याच पाण्यावर वाढलं, तरी गेली कित्येक वर्षं नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येण्याची सवय झालेली पिढी इथे आहे. एसीवाल्याला फक्त विजेचं बिल दिसतं. कूलरवाल्याला आधी टाकीत डोकावून बघावं लागतं. उन्हाळ्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'टँकरचं पाणी कूलरला वापरायचं की नाही' यावर जी खडाजंगी होते ती ऐकली की बर्निएचं पत्र आठवतं. तिथे हौद बागेत होता आणि पिशव्या नोकरांच्या खांद्यावर. इथे टँकरचा ड्रायव्हर पाइप ओढत गेटातून आत येतो आणि प्रत्येकजण आपापल्या गॅलरीतून मोजत असतो, किती वेळ भरतोय ते.